भुईआईची तहान

“चपला काढा! चपला तिकडं ठेवा! भुईआईच्या अंगावर चामडं चालत न्हाई!”

नव्या कवठाळीच्या वेशीजवळ जिथं विजेची डीपी उभी आहे, तिथं दिवेलागणीला सगळं गाव लोटलं होतं. बायका पुढं, गडी मागं, पोरं जिथं फट मिळेल तिथं. डीपीच्या खांबाखाली शेंदूर फासलेला एक दगड, दगडाभोवती नारळांचा ढीग आणि ढिगामागं चौरंगावर भुईनाथ महाराज. महाराजांचं पोट त्या ढिगाच्याच मापाचं होतं. भूकंपानं जुनं कवठाळी दगडमातीखाली घातलं, तेव्हा सरकारनं या माळावर ओळीनं सिमेंटची घरं बांधून दिली होती. त्या घरांतले बल्ब वेशीतून दिसत होते. दिसत होते म्हणजे काय, विझत आलेल्या विडीसारखे लालसर धुगधुगत होते.

महाराजांनी हात वर केला. गर्दी चिडीचूप झाली.

“शिकलेले लोक म्हनतात, वीज तारेतून येती!” महाराज गरजले. “तारेतून येती, तर मग कवठाळीचाच दिवा असा मरतुकडा कामून? बाळांनो, वीज वरून येत न्हाई. वीज खालून येती, खालून! चौदा भुवनं, त्यात ही एक भुई, अन् तिला लागलीय तहान! मागं तिला अशीच तहान लागली होती. कुनी पाजलं न्हाई. मग काय झालं? हालली का न्हाई?”

हालली होती. त्या गर्दीत असं एकही घर नव्हतं, ज्यातलं कुणी जुन्या गावात गाडलं गेलं नव्हतं. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

“मग पाजा तिला!”

हिरव्या परकरातली एक मुलगी अनवाणी पुढं आली. डोक्यावर घागर. महाराजांनी झोळीतून मूठभर विभूती काढली, डोळे पांढरे केले, घागरीत टाकली. पोरीनं दगडाच्या पायथ्याशी ती घागर रिकामी केली. मग दुसरी, मग तिसरी. पाणी ओतताना तिचे पाय थरथरत होते, ओठ घट्ट मिटलेले होते. आणि बघता बघता घराघरांतले बल्ब लालाचे पिवळे झाले, पिवळ्याचे पांढरे झाले. सगळं गाव ओळीनं उजळलं.

“भुईआईच्या नावानं चांगभलं!”

ओल्या जमिनीवर पुढं उभ्या असलेल्या बायका एकदम किंचाळल्या. “हाललं! पायाखाली हाललं गं माय!” कुणी तिथंच बसकण मारली, कुणी रडायला लागलं. महाराज मंद हसत होते.

गर्दीच्या मागं, नुकत्याच एसटीतून उतरलेले शेख जिलानी हे सगळं बघत उभे होते. लातूरच्या एका कोचिंग क्लासात ते फिजिक्स शिकवायचे. लातुरात तेव्हा क्लासचं पीक असं आलं होतं की गल्लीत दगड मारला तर तो फिजिक्सच्या मास्तरालाच लागावा. पण जिलानी सरांची गोष्ट वेगळी होती. पोरगं क्लासला आलं नाही तर ते त्याच्या घरी जाऊन उभे राहत. त्यांची पहिल्या बाकावरची, रोज एसटीनं येऊन-जाऊन शिकणारी सुकन्या संक्रांतीपासून गायब होती. बारावीची परीक्षा तोंडावर. म्हणून सर तिला शोधत कवठाळीला आले होते. सापडायला वेळ लागला नाही, कारण घागर ओतणारी ती मुलगी सुकन्याच होती.

सर रागारागानं गर्दीत घुसले. कुणीतरी दरडावलं, म्हणून बूट काढले. ओल्या मातीत पाय पडला मात्र, तळव्यातून पोटरीपर्यंत सरसरून मुंग्या चढल्या. खोटं कशाला बोला, क्षणभर सरांच्याही काळजाचं पाणी झालं. भूकंपाच्या पहाटे लातुरात ते स्वतः कॉटसकट हलले होते. मग कुणीतरी त्यांच्या जिभेवर चिमूटभर विभूती ठेवली आणि सर भानावर आले. विभूती खारट होती.

सुकन्याच्या घरी तिचे वडील श्रीमंतराव ओशाळून बसले होते. गडी कष्टाचा, चार एकरांचा मालक, पण त्या संध्याकाळी त्यांना सरांच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता.

“श्रीमंतराव, पोरीला क्लासला का पाठवत नाही?”

“सर, म्हाराज म्हनले, कुवार पोरगी पायजे अन् ती बारावीला शिकनारी पायजे. गावात अशी एकच हाय. सकाळ-सांज पानी घालायचं. खंड पडला की भुई हालनार.”

“आणि तुम्ही ऐकलं?”

आतून सुकन्याची आई, केवळाबाई, चहा घेऊन आली. तिनंच उत्तर दिलं. “त्या रातीला आमी दोघं शेतात व्हतो, सर. सासूबाई अन् माझं थोरलं लेकरू घरात. सकाळी घरच नव्हतं. आता कुनी म्हनलं की भुई हालनार, तर ऐकावंच वाटतं हो.”

सरांचा आवाज खाली आला. ते म्हणाले, “मग पोरीला लातूरला आमच्या घरी ठेवा. माझी आई आहे, बहिणी आहेत.”

श्रीमंतरावांनी मान हलवली. “तवापासून आमी कुनालाच दुसऱ्या छपराखाली झोपू देत न्हाई. मेलो तर समदे, जगलो तर समदे.”

सरांनी चहा घेतला. सुकन्या कोपऱ्यात तळवे चोळत बसली होती. “दुखतात?” विचारलं, तर म्हणाली, “मुंग्या जात नाहीत सर. आणि तिथंच मागच्या आठवड्यात आमची कालवड पडली. पाणी प्यायला गेली आणि जागच्या जागी गेली. महाराज म्हणाले, आईनं नैवेद्य घेतला.”

कालवड म्हटल्यावर सरांच्या डोक्यात घंटा वाजली. “लाईट मंद कधीपासून झाली?”

“पावसाळ्यात खांबावरची तार चोरीला गेली ना,” श्रीमंतराव म्हणाले. “चार व्हत्या, तीनच राहिल्या. लाईटच बंद झाली. मग कुनीतरी सांगितलं, परसात लोखंडी सळई ठोका, अन् त्याला वायर जोडा. समद्यांनी ठोकली. लागली की लाईट! दिवाळीपर्यंत झ्याक व्हती. मग मंदावत गेली. तवाच म्हाराज आले.”

“तेव्हाच येणार ते,” सर म्हणाले. “रात्रभर मला जागा द्या श्रीमंतराव, आणि उद्या संध्याकाळी दोन पहारी, तुमची बॅटरी आणि केवळाबाईंच्या डब्यातलं खडेमीठ.”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा गर्दी जमली. महाराज झोळीत हात घालणार, तेवढ्यात जिलानी सर बादली घेऊन पुढं आले. पायात रबरी तळव्याचे बूट तसेच.

“बूट! बूट काढा!” गर्दी खवळली.

“आज नाही काढणार. आज कुवार पोर नाही, मंत्र नाही, विभूती नाही. मी, हे बूट, आणि केवळाबाईंच्या घरचं मीठ. भुईआई रागावली तर माझ्यावर रागावेल.”

“अधर्म!” महाराज ओरडले. “भुई फाटंल!”

बायका मागं सरकल्या. श्रीमंतराव मात्र पुढं येऊन सरांच्या शेजारी उभे राहिले. सरांनी मिठाचं पाणी दगडाच्या पायथ्याशी ओतलं, परत ओतलं. भुई फाटली नाही. थोड्या वेळानं बल्ब लालाचे पिवळे झाले, पिवळ्याचे पांढरे.

कुणीच चांगभलं म्हटलं नाही. महाराजांनी घाईनं सांगितलं, “आई भोळी हाय! कुनाच्याबी हातचं पिती!”

“पिऊ द्या की,” सर म्हणाले. त्यांनी माणसाच्या दोन पावलांमध्ये असतं तेवढं अंतर ठेवून दोन पहारी ओल्या मातीत खोल ठोकायला लावल्या. बॅटरीतला छोटा बल्ब काढून त्याच्या दोन वायरी दोन पहारींना बांधल्या. बल्ब लागला. ना सेल, ना बटण. मातीत खुपसलेल्या दोन पहारींच्या मधोमध, जमिनीवर, बारीकसा दिवा.

“हा दिवा रोज सुकन्याच्या दोन पायांमध्ये लागत होता,” सर म्हणाले. “तुम्हाला वाटलं, भुई हालली. एसटी लातूरहून इथं येते ना? पण परत जायला रस्ताच नसेल, तर डेपोवाला गाडी सोडेल का? विजेचं तसंच. तीन तारांनी येते, चौथीनं परत जाते. परतीची तार चोरानं नेली. मग तुम्ही घराघरात सळया ठोकल्या, म्हणजे वीज मातीतून परत पाठवायला लागलात. माती ओली होती तोवर वाट बरी होती. दिवाळीनंतर माती वाळली, वाट अडली, दिवे मंदावले. सगळ्या गावची वीज मातीतून येऊन शेवटी इथं शिरते, या डीपीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात. खड्डा खाऱ्या पाण्यानं भिजवला की वाट मोकळी. महाराज म्हणतात, वीज खालून येते. त्यांचं तेवढंच अर्धं खरं आहे. खालून येत नाही, खालून परत जाते.”

“अन् कालवड?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

“माणसाच्या दोन पावलांत हातभर अंतर. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत त्याच्या दुप्पट-तिप्पट. जेवढं अंतर जास्त, तेवढा झटका मोठा. आज कालवड गेली, उद्या सुकन्या चिखलात हात टेकून पडली असती, तर तीही गेली असती. आणि महाराजांनी तिलाही नैवेद्य म्हटलं असतं.”

आता गर्दी महाराजांकडं वळली. महाराजांनी झोळी काखेत मारली. झोळी हिसकून कुणीतरी उलटी केली, तर राखेत मिसळलेलं खडेमीठ भळाभळा सांडलं. एक-दोन चपला उडाल्या. सरांनी मध्ये पडून महाराजांना एसटीच्या थांब्यापर्यंत नेलं.

थांब्यावर महाराज साध्या माणसासारखं बोलले. “ठेकेदाराच्या हाताखाली खांब रोवत होतो. तिथं वायरमन खड्ड्यात मीठ-पानी घालायचा, तवा शिकलो. मी वाईटच हाय, सर. पर मी मीठ टाकत होतो म्हनून ह्यांना लाईट तर होती. आता तुमी काय टाकनार?”

सरांना या प्रश्नाचा राग आला.

परत आल्यावर तोंडाला पदर लावणारी ती म्हातारी त्यांची वाट बघत होती. “मास्तर, मंग भुई पुन्हा हालनार न्हाई न्हवं?”

“ते मला सांगता येणार नाही, आजी. कुणालाच सांगता येत नाही. पाणी पाजून ती थांबत नाही, एवढंच सांगतो.” म्हातारी निघून गेली. तिला महाराजांनी निदान हमी तरी दिली होती.

सुकन्या दुसऱ्या दिवसापासून क्लासला यायला लागली. आणि जिलानी सर तालुक्याच्या वीज कार्यालयात जायला लागले. तिथले साहेब भले होते. खुर्ची देत, पाणी देत, ऐकून घेत. “तार चोरीला गेली ना? मग गावानं पोलिसांत फिर्याद द्यायला हवी.” पोलीस म्हणाले, “तार कुणाची? कार्यालयाची. फिर्याद त्यांनी द्यावी.” साहेब म्हणाले, “स्टोअरला तारच नाही हो. आणि खरं सांगू का सर? कवठाळी हे वीज पोचलेलं गाव आहे. किनवटकडं बघा, माझी पहिली नोकरी तिकडं. खांब बघितला नाही अशा वाड्या आहेत. तार आली तरी आधी कुणाला देतील?” साहेबांचं म्हणणं खोटंही नव्हतं. सर उठून बाहेर आले. लातुरात परतले, तर क्लासच्या इमारतीवर ट्यूबलाईटची पाटी फडफड न करता लख्ख जळत होती. घरी आई, हाजराबी, त्यांचं तोंड बघून म्हणाली, “क्या रे जिलानी, किसीके घर का दिवा बुझाको आया क्या?”

पण हळूहळू सुकन्याचे मार्क चढायला लागले. सरावाच्या पेपरात ती पहिली आली. सरांनी विचारलं, “बेटा, घरी लाईट कशी आहे?”

“चांगली आहे सर.” ती वहीत बघत म्हणाली.

सरांचा जीव भांड्यात पडला. आली असणार तार! खेटे घातले ते वाया गेले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी पेढे घेतले आणि दुपारची एसटी पकडली.

कवठाळीत उतरले, तेव्हा दिवस मावळत होता. त्यांनी आधी वर बघितलं. खांबावर तारा तीनच होत्या. मग खाली बघितलं. दगड नव्हता, शेंदूर नव्हता, नारळाची करवंटीसुद्धा नव्हती. फक्त चिखल होता, आणि चिखलात केवळाबाई घागर घेऊन उभी होती. पायातल्या सपाता चिखलानं भरलेल्या. शेजारी पोत्यात मीठ.

“केवळाबाई! मागं सरका! आधी मागं सरका!”

ती दचकली, मग हसली. “तुमी व्हय सर. या की.”

“मी काय सांगितलं होतं तुम्हाला?”

“समदं सांगितलं तुमी. अन् आमाला कळलं बी. देव न्हाई, मीठ हाय. तवापासून गावानं एक नारळ फोडला न्हाई.” हे तिनं अभिमानानं सांगितलं. “पर पोरीचा पेपर जवळ आलाय. रॉकेल मिळंना. तिला हितं फिरकू देत न्हाई मी. म्याच येते.”

“पायाला मुंग्या येतात?”

“येतात. आता गुडघ्यापस्तोर येतात. आधी तीन घागरीत भागायचं, आता भागंना.”

सरांचा आवाज चढला. आवाज ऐकून माणसं गोळा झाली, श्रीमंतरावही आले. सर बोलत सुटले. म्हणाले, “महाराजांना ‘असं कसं?’ म्हणून विचारायला तुम्ही शिकलात, आता तिथंच थांबू नका. चौथी तार का नाही, हेही वीज कार्यालयाला तसंच विचारा. एकट्या मास्तरानं विचारलं तर त्याला खुर्ची आणि पाणी मिळतं. सगळ्या गावानं विचारलं तर त्यांना उत्तर शोधावं लागेल. हा अंधार भुईआईनं पाडलेला नाही. माणसानं तार नेली, माणसानंच ती बसवायची आहे. देव असता तर विनवावं लागलं असतं. माणसाला जाब विचारता येतो!”

माणसं माना डोलावत होती. श्रीमंतराव शांतपणे म्हणाले, “बरोबर हाय सर. आमी समदे मिळून गेलो व्हतो मागल्या सोमवारी. अख्खा टेम्पो भरून.”

“मग?”

“त्यांनी मानूस पाठवला बघायला. सांजच्याला आला, दिवे बघितले, अन् लिहून गेला. लाईट चालू हाय, तक्रार न्हाई.”

सर म्हणाले, “मग पाणी घालणं बंद करा. अंधारात राहा. पुन्हा बोलवा त्यांना, दाखवा अंधार.”

“किती दिवस ऱ्हायचं?” केवळाबाईनं विचारलं. प्रश्नात टोमणा नव्हता. तिला खरंच ठरवायचं होतं. “पोरीचा पेपर व्हईपर्यंत येतील का ते?”

सगळे सरांकडं बघायला लागले. ज्यानं डोळ्यांसमोर मातीतून दिवा लावून दाखवला होता, त्याला एवढं तरी ठाऊक असणारच, असं त्या बघण्यात होतं. जिलानी सरांना विजेचं सगळं ठाऊक होतं. साहेब कधी येतील, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तसं कबूल करायची त्यांना लाज वाटली. लाज वाटली तरी त्यांनी कबूल केलं. “सांगता येत नाही, ताई.”

अंधार उतरत होता. ओळीतल्या घरांतले बल्ब पिवळ्याचे लाल होत चालले. श्रीमंतरावांच्या खिडकीत सुकन्या दिसत होती. उजेड कमी झाला तशी तिनं पुस्तक डोळ्यांजवळ ओढलं, मग आणखी जवळ ओढलं. केवळाबाई घागर उचलायला वाकली.

“थांबा,” सर म्हणाले. पेढ्यांचा पुडा त्यांनी श्रीमंतरावांच्या हातात दिला. आपल्या बुटांचे तळवे एकदा उलटून बघितले, आणि केवळाबाईंच्या हातातून घागर घेतली. “तुम्ही कोरड्यात उभ्या राहा. चिखलात पाय ठेवायचा नाही. मीठ किती घालता?”

“दोन मुठी,” ती म्हणाली. “पर आज तीन घाला.”